मनाच्या उपचारास वयाची अट



एखाद्या वृद्ध गृहस्थाचा गुडघा दुखूं लागला, तर घरचीं माणसें त्याला डॉक्टरांकडे नेतात. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तर शस्त्रक्रियेचा दिवस ठरवितात. परंतु तोच गृहस्थ ताटावरून अर्ध्यांत उठूं लागला, रात्र रात्र जागूं लागला, कोणाशीं बोलेनासा झाला, म्हणजे घरांत एकच वाक्य ऐकूं येतें : 'वय झालें, असें व्हायचेंच.' गुडघ्याचें वय झालें तरी त्यावर उपाय आहे. मनाचें वय झालें कीं उपाय संपला, अशी आपली समजूत दिसते. ही समजूत कोठून आली, ती कितपत खरी आहे आणि तिच्यामुळें कोणाचें नुकसान होतें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रारंभींच सांगतों कीं, मी डॉक्टर नाहीं आणि मानसशास्त्रज्ञही नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं, एवढीच माझी कमाई. या विषयाकडे मी वळलों तो स्वतःच्या गरजेपोटीं. तीन वर्षांपूर्वीं माझी पत्नी वारली. पहिले कांहीं महिने तें दुःख मीं दुःख म्हणूनच सोसलें, आणि त्यांत कांहीं वावगें नव्हतें. शोक हा रोग नव्हे. परंतु वर्ष उलटलें तरी सकाळ झाली कीं 'उठावें कशाला?' असा प्रश्न पडे. वाचनालयांत जाणें सुटलें. वर्तमानपत्राची घडी दिवसभर तशीच पडून राही. एका डॉक्टरांना दाखविलें. त्यांनीं रक्तदाब पाहिला, झोपेची गोळी लिहून दिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, या वयांत एवढें चालायचेंच." ते वाईट हेतूनें बोलले नाहींत, मला धीर यावा म्हणूनच बोलले. पण मीं घरीं येतां येतां त्या वाक्याचा अर्थ असा लावला कीं, आतां यापुढें असेंच.

या समजुतीचा उगम शोधूं गेल्यास तो शास्त्राच्या घरांतच सांपडतो. रुग्णाशीं बोलून त्याचें मन बरें करण्याची विद्या ज्यांनीं नांवारूपास आणली, त्या सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९०४ सालीं व्हिएन्ना येथील डॉक्टरांपुढें एक व्याख्यान दिलें. पन्नाशीच्या जवळ आलेल्या किंवा ती ओलांडलेल्या माणसांना हा उपचार सहसा लागू पडत नाहीं, कारण त्यांच्या मनाची लवचिकता गेलेली असते आणि वृद्ध माणूस शिकण्याजोगा राहत नाहीं, असें मत त्यांनीं त्यांत मांडलें. त्या वेळीं स्वतः फ्रॉइड ४८ वर्षांचे होते! पुढें ते ८३ वर्षांपर्यंत जगले, १९३९ सालीं वारले, आणि त्या अखेरच्या वर्षापर्यंत लिहीत व रुग्णांना पाहत राहिले. पन्नाशीनंतर त्यांनीं आपले सिद्धांत एकदां नव्हे, अनेकदां बदलले. म्हणजे त्यांच्या मताचें खंडन त्यांच्याच आयुष्यानें केलें. त्यांचे सहकारी कार्ल अब्राहम यांनीं १९१९ सालीं उतारवयांतील रुग्णांवर लिहितांना सांगितलें कीं, रुग्णाच्या वयापेक्षां त्याच्या विकाराचें वय पाहणें अधिक महत्त्वाचें आहे. परंतु लोकांच्या आणि पुष्कळ डॉक्टरांच्याही मनांत रुजलें तें पहिलेंच मत.

'वृद्ध माणूस शिकत नाहीं' हें वाक्य शिक्षकाच्या कानाला खटकल्यावांचून राहत नाहीं. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेच्या दिवसांत मीं रात्रीचा वर्ग चालविला. साठी उलटलेल्या बायका पाटी घेऊन येत. त्यांना उशीर लागे, हात थरथरे, अक्षर वाकडें येई. पण तरण्या मुलांनीं वर्ग चुकविला तरी या बायका चुकवीत नसत. वृद्ध माणूस शिकत नाहीं असें नाहीं. त्याला निराळ्या वेगानें शिकवावें लागतें, आणि त्याच्याकडे तरुणापाशीं नसलेलें एक भांडवल असतें. पूर्वीं अनेक संकटांतून तो पार पडलेला असतो. चांगला उपचारक याच भांडवलाचा उपयोग करून घेतो.

आतां हा उपचार म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. याचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांपैकीं विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी पद्धति आज सर्वांत अधिक रूढ आहे. तिचे एक प्रमुख प्रवर्तक अमेरिकेंतील डॉक्टर आरन बेक हे १९२१ सालीं जन्मले आणि २०२१ सालीं, शंभर वर्षें पुरीं करून वारले. तिचें मर्म असें : मन खिन्न झालें कीं मनुष्य कामें टाकतो. कामें टाकलीं कीं आनंदाचे आणि सिद्धीचे प्रसंग कमी होतात. ते कमी झाले कीं 'आपण निरुपयोगी झालों' हा विचार पक्का होतो, आणि मन अधिकच खिन्न होतें. हें रहाट थांबवावयाचें तर कोठें तरी हात घालावा लागतो. मन बरें झाल्यावर काम करूं, असें न म्हणतां लहानसें काम आधीं करावयाचें आणि मनावर त्याचा काय परिणाम होतो तें टिपून ठेवावयाचें. तसेंच मनांत येणारा प्रत्येक विचार हा पुराव्याशिवाय खरा धरावयाचा नाहीं. त्याला साक्षीदाराप्रमाणें उलट प्रश्न विचारावयाचे.

माझ्या सूनबाईनें हट्ट धरून मला एका धर्मादाय रुग्णालयांत नेलें, तेथें माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची एक समुपदेशक होती. तिनें प्रथम रक्ताची तपासणी करून घ्यावयास सांगितलें. कारण कंठग्रंथीचा विकार, जीवनसत्त्वाची उणीव किंवा चालू असलेलें एखादें औषध यांमुळेंही मन असेंच मंदावतें. तें निस्तरल्यावर तिनें मला पहिला गृहपाठ दिला : मंगळवारीं आणि शुक्रवारीं वाचनालयाच्या पायरीपर्यंत जाऊन यावयाचें. आंत जाण्याची सक्ति नाहीं. छत्तीस वर्षें ज्यानें गृहपाठ दिला त्याला या वयांत गृहपाठ मिळाला! सहा-सात बैठका झाल्या. पत्नीची उणीव आजही आहे, ती राहणारच. परंतु वर्तमानपत्र उघडलें जातें, आणि आज आपणांपुढें बोलावयास मी उभा आहें.

हें मीं सांगितलें तें माझें कौतुक व्हावें म्हणून नव्हे. मला हा उपचार मिळाला, कारण हट्ट धरणारी सून होती, रिक्षाचे पैसे होते, आणि रुग्णालय आमच्या शहरांत होतें. यांपैकीं एक जरी नसतें तरी मी गोळी घेऊन पडून राहिलों असतों. मी तरलों तो योगायोगानें, आणि न्याय हा योगायोगावर सोपवावयाचा नसतो. म्हणून एखाद्या देशानें ही गोष्ट योगायोगाच्या हातून काढून घेण्याचा यत्न केला आहे काय, तें पाहूं गेलों, तेव्हां इंग्लंडचें उदाहरण हातीं आलें. तें बोधप्रद आहे. त्यांतील यशही आणि उणीवही.

इंग्लंडांत रिचर्ड लेयर्ड हे अर्थशास्त्रज्ञ आणि डेव्हिड क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ या दोघांनीं असा युक्तिवाद मांडला कीं, नैराश्य आणि चिंता यांनीं ग्रासलेलीं लक्षावधि माणसें उपचारावांचून आहेत. त्यांना मानसोपचार दिला तर तीं पुन्हां कामावर जातील, सरकारचा निर्वाहभत्त्यावरील खर्च वांचेल आणि उपचाराचा खर्च आपोआप भरून निघेल. २००६ सालीं डॉनकास्टर आणि पूर्व लंडनांतील न्यूहॅम या दोन ठिकाणीं प्रयोग झाला, आणि २००८ पासून सरकारी खर्चानें ही योजना देशभर पसरूं लागली. हजारों उपचारक शिकवून तयार केले. प्रत्येक बैठकीस रुग्णाची प्रश्नावली भरून घेऊन गुण यावा तेथें येतो कीं नाहीं, हें मोजण्याची शिस्त लावली. शिवाय डॉक्टरांची चिठ्ठी नसली तरी मनुष्यास स्वतःहून येण्याची मोकळीक ठेवली. न्यूहॅमच्या मिश्र वस्तींत या मोकळिकीचा गुण दिसला : स्वतःहून आलेल्यांत अल्पसंख्य समाजांचें प्रमाण डॉक्टरांनीं धाडलेल्यांपेक्षां वस्तीच्या प्रमाणाशीं अधिक जुळणारें निघालें. याचा अर्थ उघड आहे. चिठ्ठीची अट घातली कीं चिठ्ठी देणाऱ्याच्या समजुतीही दाराशीं येऊन उभ्या राहतात.

परंतु या योजनेचा पायाच 'कामावर परत जाणें' हा होता. मग जो कामावर परत जाणारच नाहीं, त्याचें काय? प्रारंभीं योजनेचा रोख नोकरीच्या वयांतील माणसांवरच होता. पुढें ती सर्व वयाच्या प्रौढांना खुली झाली. इंग्लंडच्या २०१० च्या समानता कायद्यान्वयें १ ऑक्टोबर २०१२ पासून, सबळ कारण नसतां केवळ वयावरून सेवा नाकारणें बेकायदेशीर ठरलें. दार उघडलें, कायदाही झाला. मग वृद्ध आले काय? येणाऱ्यांत ६५ वर्षांवरील माणसें शेंकडा १२ च्या आसपास असावींत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत तें प्रमाण कित्येक वर्षें शेंकडा सहा-सातच्या आगेमागेंच राहिलें.

यावर कोणी म्हणेल, त्यांना गुण येत नसेल म्हणून येत नसतील. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनीं या योजनेंतील रुग्णांच्या मोठ्या संख्येचा अभ्यास करून २०२१ सालीं दाखविलें कीं, वृद्धांना तरुणांहून अधिक गुण येतो, आणि उपचार अर्धवट सोडण्याचें प्रमाणही त्यांच्यांत कमी असतें. माझ्या रात्रीच्या वर्गांतील बायकांची मला आठवण झाली. ज्यांना सर्वांत अधिक लाभ, तेच सर्वांत कमी येतात, असा हा प्रकार आहे.

शिक्षकास यांतील कोडें उलगडणें अवघड नाहीं. वर्गांत प्रश्न विचारला कीं पांच-सहा हात वर येतात. त्यांनाच विचारीत गेलें तर तास सुरळीत पार पडतो, आणि शिक्षकास वाटतें कीं सर्वांना समान संधि दिली. हात वर करावयास कोणास बंदी होती? परंतु मागच्या बांकावरचा मुलगा हात वर करीत नाहीं, कारण आपल्याला विचारणार नाहींत हें तो शिकून बसलेला असतो. समान संधि आणि दार उघडें ठेवणें या दोन गोष्टी एक नव्हेत. जो हात वर करीत नाहीं त्याच्या बांकापाशीं जाणें, हा न्यायाचा उत्तरार्ध आहे. इंग्लंडांत हें ध्यानांत आल्यावर घरीं जाऊन किंवा दूरध्वनीवरून उपचार देणें, मोठ्या अक्षरांतील कागद वापरणें, ऐकूं कमी येणाऱ्यासाठीं बैठकीचा वेग कमी करणें, वृद्धांची काळजी वाहणाऱ्या संस्थांतून निरोप पोहोंचविणें, असे उपाय सुचविले गेले.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञांचीच वाण आहे. २०१५-१६ सालीं बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेनें १२ राज्यांत केलेल्या मानसिक आरोग्याच्या पाहणींत असें आढळलें कीं, नैराश्य व चिंता यांसारख्या सामान्य विकारांनीं पीडलेल्या शंभरांतील सुमारें ८५ जणांना उपचार मिळालेला नव्हता. अशा देशांत वृद्धांचा विचार कोण करणार, असें वाटणें साहजिक आहे. परंतु याचें एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यांतच मिळालें आहे, आणि त्याची गोष्ट दोन टप्प्यांत सांगण्यासारखी आहे.

पहिल्या टप्प्यांत तेथील संशोधकांनीं मानसशास्त्राचें कोणतेंही पूर्वशिक्षण नसलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांना शिकवून समुपदेशक केलें, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर प्रयोग केला. सहा ते आठ बैठका. उपाय तोच, कामाला पुन्हां हळूहळू हात घालण्याचा. २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तीन महिन्यांनंतर असा उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ जण विकारांतून बाहेर आले होते, नेहमींचाच उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३९. ही थोर कामगिरी होती. परंतु या प्रयोगांत घेतलेले रुग्ण होते १८ ते ६५ वर्षांचे. पासष्टीची रेघ येथेंही होती.

दुसऱ्या टप्प्यांत गोव्यांतीलच दुसऱ्या एका प्रयोगानें ही रेघ ओलांडली. त्यांत ६० वर्षांवरील १८१ स्त्रीपुरुष घेतले. त्यांना पुरतें नैराश्य आलेलें नव्हतें, पण त्याचीं प्राथमिक लक्षणें दिसूं लागलीं होतीं. निम्म्यांकडे शिकवून तयार केलेले सामान्य समुपदेशक गेले. त्यांनीं काय केलें? अडचणींची यादी करावयाची, त्यांतील एक निवडावयाची, तिच्यावर सुचतील ते उपाय मांडावयाचे, एक करून पाहावयाचा, ही रीत शिकविली. झोपेच्या संवयी सुधारल्या. मधुमेहासारख्या दुखण्याची काळजी कशी घ्यावी तें समजाविलें. आणि सरकारी सवलती मिळवून देण्यास साह्य केलें. २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका वर्षांत या ९१ जणांपैकीं चौघांना नैराश्याचा झटका आला. ज्यांना नेहमींचीच सेवा मिळाली त्या ९० जणांपैकीं तेराजणांना. संख्या लहान आहे, तेव्हां तिच्यावर मोठी इमारत रचूं नये; परंतु 'या वयांत उपयोग नाहीं' हें म्हणणें पाडावयास ती पुरेशी आहे. आणि उपचारांत पेन्शनचा अर्ज भरून देणें हेंही आलें, यांत मला मोठें शहाणपण दिसतें. वृद्धाचें दुःख पुष्कळदां मनांतून कमी आणि परिस्थितींतून अधिक आलेलें असतें.

आपला कायदाही या बाबतींत मागें नाहीं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्यानें प्रत्येकास सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला. ती परवडणारी, चांगल्या दर्जाची, जवळ मिळणारी आणि भेदभावरहित असावी असें म्हटलें. भेदभावाच्या कारणांत लिंग, धर्म, जात, वर्ग अशीं नांवें घेऊन शेवटीं 'अन्य कोणतेंही कारण' असें म्हटलें आहे. वय हा शब्द त्या यादींत नाहीं. तो 'अन्य' मध्यें शोधावा लागतो. मात्र मुलांसाठीं आणि वृद्धांसाठीं सेवा असावी, असें त्याच कायद्यांत स्वतंत्रपणें नमूद केलें आहे. हक्क कागदावर आला. तो बांकापर्यंत पोहोंचविणें राहिलें आहे.

येथें एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिक आहे. साधनें थोडीं असतां आधीं तरुणांना द्यावें हें बरें नव्हे काय? त्यांच्यापुढें सारें आयुष्य आहे. पैसा गुंतवावा तो तेथेंच. तरुणांनाही हा उपचार मिळत नाहीं, हें मी पाहतों, आणि त्यांच्या वांट्यांतलें काढून मला द्या असें मी म्हणणार नाहीं. परंतु उपचार देतांना जर 'हा परत किती मिळवून देईल?' एवढेंच विचारलें, तर वृद्धच काय, बेकार, अपंग, घरकाम करणारी स्त्री, असे एकेक करून सारेच रांगेच्या शेवटीं जातील. रांग लावावयाची तर ती दुःखाच्या तीव्रतेवर आणि गुण येण्याच्या शक्यतेवर लावावी. त्या दोन्ही कसोट्यांवर वृद्ध मागें पडत नाहीं. शिवाय ज्या घरांत आजोबा महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून निजलेले असतात, त्या घरांतील तरुणांचें मन तरी कोठें स्वस्थ असतें?

सरकारनें काय करावें तें कायद्यानें सांगितलेंच आहे. आपल्या घरांत आपण काय करावें, तें सांगून संपवितों. पहिली गोष्ट, 'वय झालें' हें वाक्य निदान म्हणून वापरूं नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवण, झोप आणि नेहमींचा रस उडाला असेल, तर तें डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावें. वृद्ध माणूस मनाचें दुखणें पाठीचें म्हणून सांगतो, हें ध्यानांत ठेवावें. दुसरी गोष्ट, गोळी मिळाली तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून बंद करूं नये. परंतु 'बोलण्याचा उपचार मिळेल काय?' हा प्रश्न अवश्य विचारावा. झोपेच्या गोळीनें वृद्धांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, हेंही विचारून घ्यावें. तिसरी गोष्ट, समुपदेशकाकडे सोबत जावें, पण खोलीबाहेर बसावें. आई-वडिलांच्या वतीनें आपण उत्तरें देत राहिलों तर तीं कधींच बोलणार नाहींत. पुष्कळदां त्यांना सांगावयाचें असतें तें आपल्याविषयींच.

ज्यांना कोठें जातां येत नाहीं त्यांच्यासाठीं 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती निःशुल्क आहे, अहोरात्र चालते, आणि मराठींतूनही बोलतां येतें. कोणाच्या मनांत जीव नकोसा झाल्याचा विचार येत असेल, तर सकाळची वाट न पाहतां हा क्रमांक फिरवावा आणि त्या माणसास एकटें सोडूं नये.

आणि माझ्या वयाच्या श्रोत्यांना एक शेवटचें सांगणें आहे. डॉक्टर म्हणतात, घरचे म्हणतात, त्याहून 'या वयांत असें व्हायचेंच' हें वाक्य आपण स्वतःच अधिक वेळां म्हणतों. मीही म्हणत होतों. मागच्या बांकावरील मुलानें हात वर करावा म्हणून मीं छत्तीस वर्षें खटपट केली, आणि माझी पाळी आली तेव्हां माझाच हात वर होईना! सूनबाईनें तो धरून वर केला. आपला हात धरणारें कोणी असेल तर त्याला धरूं द्यावा. नसेल तर आपणच तो वर करावा. वर्गांत आपलें नांव अजून आहे.